थेंबांचं औषध आणि रविवारची आंघोळ

प्रश्न : डॉक्टर, आमचा लॅब्रॅडोर सिंबा चार वर्षांचा आहे, वजन २८ किलो. पाऊस सुरू झाल्यापासून पिसवांनी त्याला हैराण केलंय. गेल्या शनिवारी रात्री दुकानातून आणलेलं, मानेवर टाकायचं फिप्रोनिलचं थेंबांचं औषध टाकलं. पण रविवारी सकाळी आंघोळ घालणारी ग्रूमिंग व्हॅन आधीच ठरलेली होती. ती आली आणि शाम्पू लावून आंघोळ झालीसुद्धा. बुधवारी पोटावर पुन्हा पिसवा दिसल्या. औषध वाया गेलं का? लगेच दुसरी ट्यूब टाकू का? पावसात तर तो रोजच भिजतो, मग पावसाळ्यात हे औषध टाकण्यात अर्थ तरी आहे का? सासूबाई म्हणतात, हे सगळं सोड आणि डेटॉलच्या पाण्याने आंघोळ घाल.
— एक वाचक, माजिवडा, ठाणे

उत्तर : ताई, दुसरी ट्यूब आत्ता टाकू नका. बाकीचं सगळं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण एवढं आधी. फिप्रोनिलच्या दोन मात्रांमध्ये किमान चार आठवड्यांचं अंतर ठेवायचं असतं. पहिल्या मात्रेतलं किती धुऊन गेलं आणि किती अंगात राहिलं, हे बाहेरून बघून कुणालाच सांगता येत नाही. मधल्या काळात काय द्यायचं, ते सिंबाला बघणाऱ्या डॉक्टरांना विचारा. बहुतेक वेळा तोंडावाटे द्यायची गोळी हा सोपा मार्ग निघतो. त्याबद्दल पुढे लिहितेच.

आता आंघोळीकडे येऊ. औषध काम कसं करतं ते एकदा कळलं की आंघोळ कधी घालायची हे पाठ करावं लागत नाही. कुत्र्याच्या कातडीत केसांच्या मुळाशी तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. फिप्रोनिल रक्तात फारसं जातच नाही. ते या तेलात मिसळतं, आणि टाळूवर थापलेलं तेल जसं हळूहळू केसांच्या टोकापर्यंत उतरतं तसं मानेवरून शेपटीपर्यंत पसरतं. याला एक-दोन दिवस लागतात. पसरल्यावर ते त्या ग्रंथींमध्ये साठतं आणि महिनाभर थोडं थोडं कातडीवर येत राहतं. पिसू चावायची वाट बघावी लागत नाही, तिचं अंग कुत्र्याच्या केसांना लागलं तरी पुरे.

म्हणून शाम्पू दोन्ही बाजूंनी आडवा येतो. औषधाच्या आदल्या दिवशी आंघोळ घातली तर अंगावरचं तेल निघून गेलेलं असतं, मग औषध पसरणार कशावरून? आणि दुसऱ्या दिवशी घातली, जशी तुमच्याकडे झाली, तर पसरायच्या आतच बरंचसं औषध फेसाबरोबर मोरीत जातं. म्हणून आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नाही. गुरुवारी आंघोळ, शनिवारी रात्री औषध, पुढची आंघोळ मंगळवारी किंवा त्यानंतर. व्हॅन रविवारचीच मिळत असेल तर औषध मंगळवारी रात्री टाका.

हे फिप्रोनिलचं झालं. सगळ्या थेंबांना हाच नियम लागत नाही, आणि लोकांचा घोळ होतो तो इथेच. शेजारच्यांनी सांगितलं ‘दोन तासांनी आंघोळ घातली तरी चालते’, तर ते खोटं असेलच असं नाही. त्यांच्या ट्यूबमध्ये सेलामेक्टिन असेल. ते कातडीतून रक्तात जातं, म्हणून दोन तासांनी आंघोळ चालते. उलट फ्ल्युरालेनरचे थेंब असतील तर तीन दिवस पाणी नको. तेव्हा खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत औषधाचं नाव असतं, ते वाचा. आतलं पत्रकही फेकून देऊ नका. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांच्या फोनमध्ये कुत्र्याचे शेकडो फोटो असतात, पण औषधाच्या खोक्याचा एकही नसतो. तो एक फोटो काढून ठेवाच.

पावसाचं म्हणाल तर पहिले दोन दिवस सांभाळा. शनिवारी औषध टाकलं तर रविवार-सोमवार सिंबाला रेनकोट घालून खाली न्या, उरकलं की लगेच वर आणा. त्यानंतर साध्या पावसाने भिजला तर औषध लगेच उतरत नाही, कारण ते आता तेलाच्या ग्रंथींत बसलेलं असतं. साबण मात्र ते काढतो. दर रविवारी शाम्पू लावत असाल तर महिन्याचं औषध महिनाभर पुरणार नाही. रोज तासन् तास पाण्यात डुंबणाऱ्या कुत्र्याचंही तेच.

डुंबण्यावरून आठवलं. रविवारी कुत्र्यांना येऊरच्या ओढ्यांत किंवा तलावाच्या काठाला घेऊन जाणारी बरीच मंडळी मला ठाऊक आहेत. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथे बिबटे आहेत, त्यामुळे कुत्र्याला तिकडे नेऊच नये असं माझं मत आहे. पण औषध टाकल्यावर दोन दिवस तर कुठल्याच वाहत्या वा साठलेल्या पाण्यात त्याला उतरवू नका. फिप्रोनिल पाण्यातल्या किड्यांना अगदी थोड्या प्रमाणातही मारतं. आपल्या शहराची ओळख तलावांवरून आहे, आणि त्या पाण्यातल्या किड्यांवर मासे जगतात, माशांवर पक्षी.

आता बुधवारच्या पिसवा. त्या दिसल्या म्हणजे औषध पूर्ण फुकट गेलं, असं लगेच समजू नका. कुत्र्याच्या अंगावर दिसणाऱ्या पिसवा या एकूण पिसवांचा जेमतेम वीसावा हिस्सा असतात. बाकी अंडी, अळ्या आणि कोश होऊन घरात पडलेल्या असतात. मादी दिवसाला ४०-५० अंडी घालते. ती अंडी केसांना चिकटून राहत नाहीत, कुत्रा झोपतो तिथे मिठासारखी गळून पडतात. अळ्यांना उजेड नको असतो आणि दमट हवा हवी असते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ठाण्यात दुसरं काय असतं? सोफ्याखाली, पायपुसण्याखाली, पलंगाच्या खणात त्या निवांत वाढतात. पुढे कोशात गेल्या की कुठलीही फवारणी त्यांना धड लागत नाही. तशा त्या महिनोन् महिने थांबू शकतात, आणि कुणी जवळून चाललं, जमीन थरथरली, अंगाची ऊब लागली की बाहेर पडून उडी मारतात. ही नवी पिसू औषध लावलेल्या कुत्र्यावर आली तरी मरायला तिला काही तास, कधी पूर्ण दिवस लागतो. तेवढ्यात ती तुम्हाला दिसते.

म्हणून घराकडे बघावंच लागेल. सिंबाची चादर आठवड्यातून एकदा कडकडीत गरम पाण्यात, ६० अंशांवर, धुवा. ऊन पडेल त्या दिवशी गादी गॅलरीत टाका. व्हॅक्यूम असेल तर सोफ्याच्या फटी, गालिचा, भिंतीच्या कडेची रेघ रोज फिरवून घ्या आणि आतला कचरा पिशवीत बांधून लगेच खाली कचऱ्यात टाका. घरातच डबा उघडून ठेवला तर पिसवा परत बाहेर येतात. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये सावली असते, ओल असते आणि तिथे मांजरी झोपतात. सिंबा खाली गेल्यावर त्याच कोपऱ्यात हुंगत बसत असेल तर त्याची वाट बदला. मांजरींना हाकलून उपयोग नाही, पिसवा जागेवरच राहतात. हे सगळं निदान तीन महिने, न चुकता. एका महिन्यात पिसवा दिसेनाशा झाल्या की लोक औषध थांबवतात, आणि गणपतीत पाहुणे घरी आले की पाहुण्यांच्या पायांना चावे येतात.

पिसवा आहेत की नुसती माती, अशी शंका असेल तर कमरेवरचे केस बारीक फणीने विंचरा. फणीत काळे कण आले की ते ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. मिनिटाभरात भोवती तांबूस-तपकिरी कडा उमटली तर ती पिसवेची विष्ठा आहे, म्हणजे पचलेलं रक्त. मातीचा रंग सुटत नाही.

औषध टाकायची पद्धतही बघून घ्या, कारण माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत आंघोळीइतकाच दोष याच्याकडे असतो. लॅब्रॅडोरचे केस दुहेरी असतात, वरचे राठ आणि आतले मऊ, दाट. खांद्यांच्या दोन हाडांच्या मधल्या जागी दोन्ही अंगठ्यांनी केस बाजूला सारा, कातडीची स्वच्छ रेघ दिसेपर्यंत. ट्यूबचं टोक त्या कातडीला टेकवूनच दाबा. वरवर केसांवर टाकलं तर ते केसांवरच वाळतं, चमकतं आणि उशीला पुसलं जातं. नंतर चोळायचं नाही. जागा सुकेपर्यंत हात लावायचा नाही, आणि त्या रात्री मुलांना त्याच्याजवळ झोपू द्यायचं नाही. आणि ट्यूब वजनाप्रमाणेच घ्या. २० ते ४० किलोच्या कुत्र्याला २.६८ मिलिलिटरची ट्यूब लागते. स्वस्त पडते म्हणून दहा किलोपर्यंतच्या कुत्र्याची ०.६७ची ट्यूब सिंबाला टाकली, तर आंघोळ न घालताही पिसवा राहणारच.

व्हॅनवाल्या मुलांना आधीच सांगून ठेवा की थेंब टाकलेत. पुष्कळ ठिकाणी ‘टिक बाथ’ म्हणून कीटकनाशकाचा शाम्पू लावतात. त्याच आठवड्यात थेंबही असतील तर एकाच कातडीवर दोन विषं होतात. बाटलीवर काय लिहिलंय ते मागून बघा, त्यात संकोच कसला?

डेटॉल नको. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, त्यांच्या मनात स्वच्छताच आहे. पण हे जंतुनाशक माणसांसाठी आणि फरशीसाठी आहे. कुत्रा अंग चाटतो, ते पोटात जातं. शिवाय त्याने कातडी कोरडी पडते, भाजल्यासारखी लाल होते आणि पिसवा मरत नाहीत त्या नाहीतच. त्यांना काही घरगुती करायचंच असेल तर कडुनिंबाचा पाला उकळून, गाळून, कोमट केलेल्या पाण्याने शेवटचं अंग विसळलं तर सहसा बिघडत नाही. मात्र ते औषधाच्या जागी नाही, आणि नियम तोच, दोन दिवस आधी, दोन दिवस नंतर.

निरोगी कातडीच्या लॅब्रॅडोरला तीन-चार आठवड्यांतून एक आंघोळ पुरते. मधल्या दिवसांत पावसातून आला की नुसत्या पाण्याने पाय धुवा आणि बोटांच्या बेचक्या, कानामागची आणि काखेतली जागा टॉवेलने कोरडी करा. पावसाळ्यातला ‘कुत्र्याचा वास’ बहुतेक वेळा ओल तशीच राहिल्याचा असतो, मळाचा नसतो. आंघोळ घालाल तेव्हा पहिला फेस गळ्याभोवती पट्ट्यासारखा लावा, मग मागे जा. पाणी लागताच पिसवा वर, कानांकडे आणि डोळ्यांकडे पळतात, त्या या फेसात अडकतात.

कातडीला बुरशी झालेल्या कुत्र्यांची गोष्ट वेगळी. त्यांना डॉक्टर आठवड्यातून एक-दोनदा औषधी शाम्पू सांगतात, दहा मिनिटं फेस ठेवून. त्यांच्यासाठी थेंबांचा हट्ट धरूच नये. अफॉक्सोलेनर किंवा फ्ल्युरालेनरची गोळी पोटातून रक्तात जाते, तिचा आंघोळीशी काही संबंध नाही. पहिली महिन्याला एक, दुसरी साधारण तीन महिन्यांना एक. तुमच्या घरी दर रविवारची आंघोळ टळणार नसेल तर सिंबालाही हीच बरी. फक्त त्याला कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. या गटातल्या औषधांमुळे काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली दिला आहे.

प्रश्न : आमच्या घरी पॉमेरेनियन आणि मांजर एकाच गादीवर झोपतात. कुत्र्यासाठी आणलेल्या थेंबांतले अर्धे मांजराला टाकले तर चालतील का? दोघांचं वजन जवळपास सारखंच आहे.
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : नाही. अगदी एक थेंबही नाही. कुत्र्यांच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याच्या शरीराला ते पचवता येतं, मांजराच्या यकृताला येत नाही. काही तासांत मांजराचं अंग थरथरायला लागतं, मग झटके येतात, आणि उशीर झाला तर मांजर दगावतं. वजन सारखं असल्याने यात काहीच फरक पडत नाही. मांजराला फक्त मांजराचं चित्र आणि नाव असलेलं औषध द्या.

तुमच्या कुत्र्याच्या ट्यूबवर परमेथ्रिन लिहिलेलं असेल तर ती तुमच्या घरात नकोच. एकत्र झोपणारं, एकमेकांना चाटणारं मांजर घरात असताना असं औषध घेऊन जोखीम कशाला पत्करायची? दुकानदाराला आधीच सांगा, घरी मांजर आहे.

‘दोन दिवस आंघोळ नाही’ हा नियम मोडायची वेळ आली तर ती इथे. चुकून असं औषध मांजराला लागलं, किंवा कुत्र्यालाच थेंब टाकल्यावर कातडी लालभडक झाली, तो सारखा खाजवू लागला, तर थांबू नका. कोमट पाणी आणि भांडी घासायचं साधं द्रव साबण घेऊन ती जागा लगेच धुवा, टॉवेलने पुसा आणि दवाखान्यात जा. मांजर थरथरत असेल तर आधी दवाखाना, धुणं तिथे होईल. औषधाचं खोकं बरोबर न्या. घरात ससा असेल तर आणखी एक सांगते, फिप्रोनिल सशांना प्राणघातक ठरू शकतं.

प्रश्न : मॅडम, मी कॉलेजला आहे. आमच्या गल्लीतल्या पाच-सहा कुत्र्यांना मी रोज खायला घालते. पावसात त्यांच्या कानांत आणि बोटांमध्ये खूप गोचिडी झाल्यात. एका काकांनी गुरांचं गोचिडीचं औषध पाण्यात कालवून आंघोळ घालायला सांगितलं. घालू का? एका कुत्रीला तीन आठवड्यांची पिल्लंही आहेत.
— एक वाचक, कळवा

उत्तर : घालू नकोस, बाळा. गुरांच्या औषधाचं प्रमाण गुरांच्या हिशोबाने असतं. बाटलीतून अंदाजाने ओतलेलं ते पाणी कुत्रा चाटतो, तुझ्या हातांवर उडतं, गल्लीतल्या मांजरांपर्यंत पोचतं. आणि पावसात उभ्या असलेल्या कुत्र्यावर कुठलंही अंगाला लावायचं औषध धड टिकणार नाही. तू त्यांना दोन दिवस कोरडं ठेवू शकत नाहीस, म्हणून थेंबही तुझ्या कामाचे नाहीत.

त्यांना गोळी दे. जवळच्या डॉक्टरांना कुत्र्यांचे फोटो दाखव, उंची-वजनाचा अंदाज सांग. ते प्रत्येकाची गोळी ठरवून देतील. पोळीत किंवा चिकनच्या तुकड्यात घालून दिलीस की बहुतेक कुत्री खातात, पण तुझ्या डोळ्यांसमोर गिळली की नाही ते बघ. पाच-सहा कुत्र्यांचा खर्च एकटीने पेलू नकोस. तीन महिने चालणारी गोळी घ्यायची आणि गल्लीतल्या चार घरांनी एकेक कुत्रा वाटून घ्यायचा, हे मी स्वतः लोकांना करताना बघितलंय आणि ते चालतं.

दिसणाऱ्या गोचिडी चिमट्याने काढ. अगदी कातडीला लागून पकड, सरळ वर ओढ, साबणाच्या पाण्यात टाक. बोटांनी चिरडू नकोस, रॉकेल ओतू नकोस, उदबत्तीचा चटका देऊ नकोस. आपल्याकडची तपकिरी गोचीड भिंतीच्या भेगांत जाऊन हजारो अंडी घालते. ही कुत्री जिथे झोपतात तिथल्या भिंतीच्या फटी सिमेंटने बुजवता आल्या तर पुढच्या वर्षी तुला फरक दिसेल.

एखादं कुत्रं खायला आलं नाही, अंग तापलंय, हिरड्या पांढरट पडल्यात, नाकातून रक्त येतंय किंवा लघवी चहासारखी गडद होतेय, तर तो टिक फिव्हर, म्हणजे गोचिडींमुळे होणारा ताप, असू शकतो. त्यात दिवस घालवू नकोस. रक्ताच्या तपासणीत प्लेटलेट्स कळतात आणि काचपट्टीवर जंतू दिसू शकतात. एर्लिकिया नावाचा जंतू असेल तर डॉक्सिसायक्लिन चांगलं लागू पडतं, पण ते साधारण चार आठवडे चालू ठेवावं लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुत्रं शेपूट हलवायला लागलं म्हणून अर्ध्यावर सोडायचं नाही. बबेसिया हा दुसरा जंतू असेल तर औषध वेगळं, म्हणून आपल्या मनाने गोळ्या सुरू करू नकोस.

पिल्लं आठ आठवड्यांच्या आतली आहेत, त्यांना यातली कुठलीच गोळी नाही. रोज पाच मिनिटं एकेकाला मांडीवर घेऊन बारीक फणीने विंचर, फणी साबणाच्या पाण्यात बुडव, गोचिडी चिमट्याने काढ. आंघोळ शक्यतो नकोच, ती पटकन गारठतात. अगदीच मळली असतील तर दुपारी, कोमट पाण्याने, एका वेळी एक, आणि पूर्ण कोरडी झाल्यावरच आईजवळ ठेव. हिरड्या फिक्या वाटल्या तर त्याच दिवशी डॉक्टर. एवढ्याशा अंगातलं रक्त पिसवा आणि गोचिडी फार लवकर संपवतात. आई दूध पाजतेय हे डॉक्टरांना सांग, म्हणजे तिची गोळी ते त्या हिशोबाने निवडतील. पिल्लं आठ आठवड्यांची झाली की वजनासाठी त्यांना दवाखान्यात घेऊन ये, लसीही तेव्हाच सुरू करता येतील.